झिंकची गोळी, तांब्याचा हंडा आणि सासऱ्यांचं हिमोग्लोबिन (जाणकारांनी सांगा प्लीज)

होटगीरोड_सून
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, सांभाळून घ्या.

माझे सासरे, वय ६९, एसटीतून रिटायर. शुगर नाही, बीपी नाही, सकाळी चालून आल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. पण वर्षभर झालं नुसता थकवा, हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह देऊन झालं, तरी ढिम्म. पांढऱ्या पेशीपण कमी. मग पायाला मुंग्या यायला लागल्या, अंधारात तोल जातो, आणि तोंड धुताना डोळे मिटले की एका हाताने बेसिन धरून ठेवतात नाहीतर पडतील. बी१२ केलं, नॉर्मल. जो तो म्हणे वय झालं आता.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून झाल्यावर एकच सांगितलं, घरात चालू असलेल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. त्यात झिंकची स्ट्रिप निघाली. करोनात 'इम्युनिटी'साठी सुरू केलेली, रोज एक, संपली की हे गाडीवरून जाऊन नवीन आणायचे, आम्हाला कुणालाच ते औषध वाटत नव्हतं. डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद केली आणि रक्तातलं कॉपर (म्हणजे तांबं) आणि सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं धरून ठेवणारं प्रोटीन) करायला सांगितलं. रिपोर्ट यायचाय.

आता घरात दोन पार्ट्या. सासूबाईंनी माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढून चिंच लावून लखलखीत केलाय, म्हणतात तांबं कमी झालंय ना मग हेच पाणी प्यायचं. आणि शेजारच्या काकांनी कुठलातरी व्हिडिओ पाठवलाय की तांबं विषारी असतं, सगळ्यांच्या अंगात ते साठलेलं असतं आणि त्यावर उतारा म्हणजे झिंक. मी कुणाचं ऐकू?

फार्मसीताई
ताई, आधी एक काम करा. स्ट्रिप उलटी करून बघा मिग्रॅ कशाचे लिहिलेत. 'झिंक सल्फेट २२० मिग्रॅ' असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण ५० मिग्रॅ असतं, बाकी सल्फेट आणि पाणी. काही पाकिटांवर थेट 'एलिमेंटल झिंक ५० मिग्रॅ' लिहितात. मोठ्या माणसाला जेवण आणि गोळ्या सगळं मिळून रोजचं झिंक ४० मिग्रॅच्या वर जाऊ देऊ नये असा नियम आहे, आणि ५० मिग्रॅ काही आठवडे सलग घेतलं तरी कॉपर खाली यायला सुरुवात होते. इथं तर वर्षं झाली म्हणताय.

करोनात झिंक इतकं खपलंय की काही विचारू नका. आणि बंद करायला कुणी सांगत नाही हे अगदी खरं. माणूस रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरवर येतो, "हीच द्या", आम्ही देतो. मी आता विचारते किती दिवस चालू आहे म्हणून, तर लोकांना राग येतो.

कडक_भाकरी
काय करलालाव बे मंडळी, सकाळी सकाळी घाबरवलालाव. मी पण केस गळतेत म्हणून झिंक खालालो की. 😐

फार्मसीताई
@कडक_भाकरी किती मिग्रॅ आणि कधीपासून? आणि कुणी सांगितलं?

कडक_भाकरी
१५ मिग्रॅ हाय बहुतेक. केस कापणाऱ्यानं सांगितलं 🙈

फार्मसीताई
१५ ने लगेच काही होत नाही, पण ती बाटली संपली की थांबा आणि आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड करून घ्या. केस गळण्यामागे झिंकपेक्षा ही मंडळी जास्त वेळा निघतात.

जीवशास्त्र_मास्तर
होटगीरोड ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोब्बर पकडलंय, त्यांना नमस्कार सांगा. हे होतं कसं ते लिहितो कारण एकदा कळलं की घरातलं भांडण आपोआप मिटेल.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये मेटॅलोथायोनिन नावाचं एक प्रोटीन असतं. झिंक जास्त आलं की पेशी हे प्रोटीन भरपूर बनवायला लागतात. आता गंमत अशी की ते बनतं झिंकमुळे, पण धरून ठेवतं कॉपरला, कारण कॉपरशी त्याची पकड जास्त घट्ट. म्हणजे जेवणातलं कॉपर पेशीत शिरतं आणि तिथंच अडकतं, रक्तात जातच नाही. टाकीत पाणी आलंय पण नळाला नाही, हे सोलापूरकरांना वेगळं समजवायला नको 😄. आणि या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात, त्यांच्याबरोबर ते कॉपर शौचावाटे बाहेर. रोज झिंक, रोज हेच. असं वर्षानुवर्षं चाललं तर साठा संपणारच.

आता हिमोग्लोबिन का वाढत नाही ते. लोह साठ्यातून बाहेर काढून रक्तातल्या वाहक प्रोटीनवर चढवायचं काम ज्या एन्झाइम्सचं आहे त्यांना कॉपर लागतं, सेरुलोप्लाझ्मिन त्यातलंच. त्यामुळे कितीही लोह ओता, ते वापरलं जात नाही. पांढऱ्या पेशी कमी होणं पण यातलंच. आणि मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या नसांना कॉपर कमी पडलं की हुबेहूब बी१२ च्या कमतरतेसारखं चित्र दिसतं: मुंग्या, तोल जाणं, डोळे मिटले की जास्त. बेसिन धरून उभं राहणं हे त्याचं अगदी नेमकं लक्षण आहे, कारण पाय कुठं आहेत हे पायाकडून मेंदूला कळत नाही, डोळ्यांनी बघूनच माणूस सावरत असतो.

तेलंगी_पाच्छा_पेठ
बापरे. मास्तर मस्त समजावलंत. पण मग आमच्या वडिलांना डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्याच्या आजारासाठी जी गोळी दिलीय त्यात ८० मिग्रॅ झिंक लिहिलंय! बंद करू का?

फार्मसीताई
नाही नाही, आपल्या मनाने काही बंद करू नका. त्याच गोळीवर खाली बघा, कॉपर २ मिग्रॅ पण लिहिलेलं असेल. मॅक्युलर डिजनरेशनवर (पडद्याच्या मध्यभागाची झीज) अमेरिकेत मोठी ट्रायल झाली होती, २००१ मध्ये निकाल आले, त्यात झिंक ८० होतं आणि झिंकने कॉपर उतरून ॲनिमिया होऊ नये म्हणून मुद्दाम २ मिग्रॅ कॉपर घातलेलं. झिंक-कॉपरची ती जोडी अशा गोळ्यांत बऱ्याचदा असते. कॉपर लिहिलेलं नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अक्कलकोटची_मावशी
मी यात डॉक्टरकीचं काही सांगत नाही, पण माझ्या भाच्याची गोष्ट सांगते, ती इथं बरोबर उलटी लागू पडते. त्याला विल्सनचा आजार आहे. नववीत असताना अक्षर बिघडलं, शाळेत बोलणी खाल्ली, मग बोलताना जीभ अडखळायला लागली, लाळ यायची. आम्ही कुठं कुठं नाही नेलं, दृष्टसुद्धा काढली. शेवटी एका डॉक्टरबाईंनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं होतं. त्याच्या अंगात तांबं साठतं, लिव्हरमधून बाहेर टाकताच येत नाही, जन्मजात दोष. आई वडील दोघांकडून जीन आला तर होतो, आणि आमच्याकडे मामाची मुलगी केलेली, त्यामुळे.

तर त्याला आधी तांबं बाहेर काढायचं औषध होतं, आणि आता काय चालू आहे माहितीये? झिंक! दिवसातून तीनदा, उपाशीपोटी, ५० मिग्रॅ. म्हणजे जे औषध तांबं अडवण्यासाठी डॉक्टर देतात, दर काही महिन्यांनी लघवी तपासून, तेच आपण इम्युनिटी म्हणून घेत बसतो. बघा बाई.

त्याच्यासाठी घरातले तांब्या-पितळेचे सगळे हंडे कळशा माळ्यावर गेले. कलेजी बंद, काजू शेंगदाणे मोजून, चॉकलेट नाही. पण हे त्याच्यासाठी. बाकी घर शेंगा चटणी खातंच.

जीवशास्त्र_मास्तर
मावशी, या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट तुमची. 🙏

नैसर्गिक_जीवन
तुम्ही सगळे एकाच बाजूने लिहिताय. कॉपर टॉक्सिसिटी हा आजच्या काळातला सायलेंट प्रॉब्लेम आहे. शाकाहारी लोकांत कॉपर जास्त आणि झिंक कमी असतं हे सायन्स आहे. चिडचिड, केस गळणं, पाळीचे त्रास, झोप नाही, सगळं त्यातून. मी केसांची मिनरल टेस्ट केली ऑनलाइन, माझा झिंक-कॉपरचा रेशो बिघडलेला आला, प्रोटोकॉल चालू केला, आता एकदम फ्रेश वाटतं.

लॅबवाला_दादा
@नैसर्गिक_जीवन राग मानू नका, पण केसांवरून शरीरातलं झिंक-कॉपर ठरवता येत नाही. शाम्पू, मेंदी, डाय, आंघोळीचं बोअरचं पाणी, सगळं केसात उतरतं. दोन लॅबला एकच केस पाठवा, दोन रिपोर्ट येतील.

रक्ताचंसुद्धा सोपं नाही. नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यायचा, ट्रेस एलिमेंटसाठी (अंगात अगदी थोडी असणारी खनिजं) वेगळी गडद निळ्या बुचाची ट्यूब असते तीच वापरायची, साध्या ट्यूबच्या रबरातूनसुद्धा झिंक मिसळतं. नमुना फुटला (रक्तपेशी फुटल्या) तर झिंक खोटं जास्त दिसतं. त्यात अंगात ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज काही असेल तर कॉपर वर जातं आणि झिंक खाली येतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉपर वाढतंच. म्हणजे साध्या सर्दीतल्या माणसाची टेस्ट केली तरी 'रेशो बिघडलेला' निघणार, आणि मग पुढं गोळ्या विकायला रस्ता मोकळा. पॅकेज घेणारे येतात आमच्याकडे, आम्ही करून देतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही टेस्ट करू नका असंच माझं मत.

नैसर्गिक_जीवन
मग मला बरं कसं वाटलं?

लॅबवाला_दादा
प्रोटोकॉलमध्ये अजून काय काय होतं? चहा कमी, लवकर झोप, मैदा बंद असंच ना?

नैसर्गिक_जीवन
हो ते आहेच. पण झिंकनेच फरक पडला असं मला वाटतं. तरी शाकाहाराबद्दल मी बोललो ते चूक आहे का?

जीवशास्त्र_मास्तर
अर्धं बरोबर आहे तुमचं, आणि त्या अर्ध्यावर नीट बोलायला पाहिजे. ज्वारी, गहू, डाळी यांत फायटेट असतं, ते झिंकला बांधून ठेवतं. झिंकच्या कमतरतेचा शोधच भाकरी-रोटीपाशी लागलाय. आनंद प्रसाद म्हणून आपल्या बिहारमधल्या बक्सरचे डॉक्टर, १९५८ साली इराणमध्ये शिराझला होते, तिथं त्यांच्यापुढं २१ वर्षांचा मुलगा आला, दिसायला दहा वर्षांचा, वयात न आलेला, रोज बिनयिस्टची रोटी आणि जोडीला माती खाणारा. त्यातून पुढं इजिप्तमध्ये काम करून त्यांनी दाखवलं की माणसाला झिंकची कमतरता होते. तोवर मोठमोठे लोक अशी कमतरता होत नाही म्हणत होते.

म्हणूनच आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० ला पुरुषाला १७ आणि बाईला १३.२ मिग्रॅ झिंक रोज सांगितलंय, अमेरिकेत तेच ११ आणि ८ आहे. आपल्या ताटात फायटेट जास्त, शोषण कमी, हे धरून. कॉपर मात्र दिवसाला एक-दोन मिग्रॅ लागतं आणि आपल्या जेवणातून ते सहज मिळतं, जास्तीचं निरोगी लिव्हर पित्तावाटे टाकून देतं. त्यामुळे 'अंगात साठलेलं तांबं' हे विल्सनवाल्यांना लागू, तुम्हाआम्हाला नाही.

आणि झिंक वाढवायला गोळीच कशाला. मटकीला मोड आणा, डाळ भिजवून पाणी टाका, ज्वारीची आंबील करा. भिजवून, आंबवून, मोड आणून फायटेट कमी होतं. जोडीला दूध दही. खाणाऱ्यांनी मटण अंडी.

कडक_भाकरी
आणि शेंगा चटणी? ती बंद करायला सांगितलाव तर मी ग्रुप सोडणार बे.

जीवशास्त्र_मास्तर
चटणीला कोण हात लावतोय! शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३ मिग्रॅ झिंक आणि १ मिग्रॅच्या थोडं वर कॉपर. तिळात दोन्ही त्याहून जास्त, पावणेआठच्या आसपास झिंक आणि चार कॉपर. बघा, खाण्याच्या वस्तूत दोघं जोडीनंच येतात. एकटं झिंक फक्त गोळीत मिळतं.

डाळिंबवाला_सांगोला
तुमचं वाचून हसू आलं, आमच्या बागेतपण हेच राजकारण. आमची चुनखडीची जमीन, सामू आठच्या वर, जमिनीत झिंक असून झाडाला मिळत नाही, पानं बारीक आणि शिरांमधून पिवळी. म्हणून झिंक सल्फेट. आणि तेल्या रोगावर बोर्डो फवारतो, म्हणजे मोरचूद, कळीचा चुना. मोरचूद म्हणजे तांबंच की. दोन्ही एकाच पंपात कधी घालत नाही.

चार_हुतात्मा_चौक
डाळिंबवाले दादा, त्या बोर्डोमुळे डाळिंबात तांबं उतरतं का?

डाळिंबवाला_सांगोला
सालीवर निळसर पांढरे डाग असतात ते तेच. साल कुठं खातो आपण. पण सोलायच्या आधी पाण्याखाली धरा आणि चोळून घ्या, नाहीतर सालीवरचं हाताला आणि हातावरचं दाण्याला.

नवीन_आई_विजापूर_रोड
मी घाबरलेय. माझ्या ११ महिन्यांच्या मुलीला जुलाब होतात म्हणून डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस दिल्यात, पाण्यात विरघळणाऱ्या. जुलाब तीन दिवसात थांबले. बंद करू का? तांबं कमी होईल का तिचं?

फार्मसीताई
बंद करू नका!! हे वेगळं प्रकरण आहे. जुलाबात मुलांचं झिंक वाहून जातं. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने २००४ मध्ये सांगितलं, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिग्रॅ, खालच्याला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करायचा, त्याने पुढचे काही महिने परत जुलाब होण्याचं प्रमाण कमी होतं. दोन आठवड्यांत तांबं उतरत नाही. उरलेल्या गोळ्या 'टॉनिक' म्हणून पुढं देत राहू नका एवढंच.

नवीन_आई_विजापूर_रोड
थँक्यू ताई 🙏 जीव भांड्यात पडला.

निवृत्त_शिक्षिका_६२
भांड्यावरून, हंड्याचं कुणी बोललंच नाही म्हणून मी लिहिते. तांब्याच्या हंड्यात रात्रभर साधं पाणी ठेवलं तर त्यात उतरणारं तांबं फार थोडं असतं, डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला २ मिग्रॅ आहे, त्याच्या पुष्कळ खाली. आणि जंतू मरतात हे खरं आहे. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, साठवावंच लागतं, त्यामुळे हंडा वाईट नाही. पण त्यात लिंबू पिळायचं नाही, ताक ठेवायचं नाही, कोकम नाही. आंबट लागलं की तांबं भसाभसा उतरतं, उलट्या मळमळ होते. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, नवसागराचा तो धूर, भांडं आतून चांदीसारखं करून द्यायचा, ते उगाच नव्हतं.

आणि लहान बाळांचं दूध तर कधीच तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवू किंवा ठेवू नये. पूर्वी लहान मुलांची लिव्हर खराब होऊन मुलं दगावायची, घरोघर ऐकू यायचं. १९८० च्या दशकात पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी शोधून काढलं की ही मुलं वरच्या दुधावरची होती आणि ते दूध पितळ-तांब्याच्या भांड्यातलं. स्टील आलं, आजार जवळजवळ गेला. सासूबाईंना सांगा, हंडा असू दे, पण तो औषध नाही. डॉक्टर मिग्रॅ मोजून कॉपर देतील ते औषध.

तेलंगी_पाच्छा_पेठ
दातांची कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये पण झिंक असतं म्हणे? आमच्या नानांना विचारायचंय.

फार्मसीताई
काहींमध्ये असतं. परदेशात लोक आठवड्याला दोन-दोन ट्यूब वापरायचे आणि अगदी ताईंच्या सासऱ्यांसारखेच पाय गेलेले, २००८ च्या सुमारास ते डॉक्टरांच्या लक्षात आलं. ट्यूबवर 'झिंक फ्री' बघून घ्या. आणि ट्यूब भराभर संपत असेल तर कवळी सैल झालीय, दातवाल्याकडे न्या.

होटगीरोड_सून
रिपोर्ट आला. कॉपर १९, नॉर्मल ७० ते १४० लिहिलंय. सेरुलोप्लाझ्मिन पण खूप कमी. झिंक वर. डॉक्टर म्हणाले निदान पक्कं, कॉपर चालू केलंय, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. रक्ताचं लवकर सुधारेल म्हणाले, काही आठवड्यांत, पण पायाचं किती येईल ते बघू, वाढायचं थांबलं तरी मिळवलं, फिजिओ लावा. सासरे गप्पच आहेत तेव्हापासून, मला म्हणाले, "मी तर ताकदीसाठी घेत होतो."

शेजारच्या काकांना विल्सनवाली पोस्ट वाचून दाखवली. ते म्हणाले व्हिडिओवाला पण डॉक्टरच होता. असो.

एक विचारायचंय, ते केस, त्वचा, सांधे असं लिहिलेली एक मल्टिव्हिटॅमिनची बाटली पण घेतात, ती चालेल ना? ती पिशवीत न्यायची राहिली.

फार्मसीताई
तिच्यात पण झिंक असणार. मागच्या लेबलचा फोटो टाका, कॉपर आहे का, झिंक किती, आणि दिवसाला किती गोळ्या लिहिल्यात ते दिसेल असा. डॉक्टरांना दाखवेपर्यंत देऊ नका.

होटगीरोड_सून
बाटलीवर अक्षरं मुंगीएवढी आहेत, मुलगा शाळेतून आला की मोबाईलवर मोठं करून टाकते.

कडक_भाकरी
ताई माझ्या बाटलीचा पण फोटो टाकू का इथं? 🙈